तीन हात चार बोटं

लोणावळ्याच्या बाजाराच्या तोंडाशी, तुंगार्लीकडून उतरणारी पायवाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथे, दोन उभे दगड आणि त्यांच्यावर एक आडवी शिळा असं काहीतरी उभं होतं. परगावच्या माणसाला त्याचा अर्थ लागत नसे. बसायला म्हणावं तर उंच, आणि देव म्हणावा तर शेंदूर नाही. लोक त्याला विसावा म्हणत. तो कुणी बांधला हे कुणालाच माहीत नव्हतं.

डोंगरातल्या वाड्यांवरून मोळ्या विकायला येणाऱ्या बायकांना मात्र त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. डोक्यावर मणाची मोळी घेऊन दोन-अडीच कोस चालून आलेली बाई विसाव्याला पाठ लावी, मान जरा मागे नेई, की मोळी आपोआप शिळेवर सरके. वाकायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. आणि पुन्हा निघायचं झालं तर चुंबळ डोक्यावर ठेवायची, मोळीखाली शिरायचं आणि चालू लागायचं. तीच मोळी एकदा का जमिनीवर टाकली की एकटीला ती परत डोक्यावर घेता येत नाही. हात लावायला दुसरं माणूस लागतं.

या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे गावात एकाच बाईला नीट कळलं होतं. तिचं नाव रोशनबी.

रोशनबीचा नवरा इनायत रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर होता. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली तो तीन दिवसांत गेला. तेव्हापासून रोशनबीने नेम धरला होता. फजरची, पहाटेची नमाज झाली की दोन घागरी पाणी आणायचं, विसाव्याशेजारचा रांजण भरायचा, आणि डोंगरातून येणाऱ्या प्रत्येकीला आपल्या हाताने पाणी द्यायचं. त्याचा सवाब, त्याचं पुण्य, इनायतला पोचावं एवढीच तिची इच्छा. तेरा वर्षांत एक दिवस खाडा झाला नव्हता. अंगात ताप असला तर ती घागरीऐवजी तांब्या तांब्याने भरी, पण रांजण भरे. तिचा आवाज इतका हलका होता की पाणी हवं का हे तिने विचारलं तरी ऐकणारी जवळ वाके.

त्या बायकांत पुतळाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचेही नेम होते, आणि त्यांत दुसऱ्याच्या हातचं पाणी न पिण्याचा एक होता. ती आपला पाण्याचा भोपळा कमरेला बांधून येई. पण दर सोमवारी मोळी विसाव्यावर टेकवली की राख घेऊन रोशनबीचा रांजण आतून बाहेरून घासून देई. एकदा कुणीतरी तिला टोमणा मारला, की म्हातारे, पाणी पीत नाहीस आणि रांजण घासतेस कशाला. ती म्हणाली, "पानी तिचं, नेम माजा. घासायला काय झालं?"

रोशनबी रांजणापाशी बसून भाव कसा ठरतो ते रोज पाही. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे हौशीराम शेटची वखार. वखारीचा कारकून रखमाजी सकाळी छत्री घेऊन यायचा, मोळ्यांकडे न बघता भाव सांगायचा. बायका नाही म्हणायच्या. रखमाजी जायचा, बायका चुंबळ डोक्यावर ठेवायला लागायच्या, की रखमाजी वळून यायचा आणि भाव थोडा वर सरकायचा. नाही सरकला तर मोळी मुंबईकरांच्या बंगल्यांकडे जायची. तिथले स्वयंपाकी हसतखेळत घ्यायचे. मोळी डोक्याच्या उंचीवर होती म्हणून नाही म्हणता येत होतं, इतकी साधी गोष्ट होती ती.

त्या दिवसांत गावाला उतरती कळा लागली होती. घाटात विजेची इंजिनं आली आणि दोन वर्षांत लोको शेड ओस पडली. पहाटेचा भोंगा बंद झाला. वाफेच्या इंजिनावर जगणारे फायरमन, फिटर, कोळसा भरणारे, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी, सगळ्यांचीच ती गत. दर महिन्याला एखादं घर कुलूप लावून कल्याणला नाहीतर भुसावळला जाई. रोशनबीचा मुलगा वाहिद, तिशीतला, शेडमधून सुटला आणि वर्षभर घरी बसला. पुढे मामाकडून लहानपणी शिकलेलं गवंडीकाम त्याने पुन्हा हातात घेतलं, पण गावात बांधत कोण होतं?

तेव्हा हौशीराम शेटने चार व्यापारी आणि दोन बंगलेवाले जमवून गावसुधार मंडळ काढलं. माणूस वाईट नव्हता. शाळेला बाकं दिली होती, साथीत औषधं वाटली होती. त्याचं म्हणणं एवढंच, की इंजिनं गेली ती परत येत नाहीत, आता या गावाला मुंबईची माणसंच जगवतील. त्यांच्या मोटारींना रुंद रस्ता हवा, आल्या आल्या नजरेला स्वच्छ बाजार दिसायला हवा. त्यासाठी पत्र्याच्या छपराची नवी मंडई, तीत पन्नास दगडी ओटे, आणि मंडईबाहेर रस्त्यावर विक्री बंद. लोकांना हे पटलं. वर्षभर कुणी काही करत नव्हतं, आता कुणीतरी काही करत होतं. वाहिदला मंडईचं काम मिळालं, नंतर रस्त्याचंही मिळणार होतं, आणि बऱ्याच दिवसांनी तो घरात शीळ घालायला लागला.

मंडई पुरी होत आली तेव्हा तो आईला दाखवायला घेऊन गेला. ओटे खरोखर सुरेख झाले होते, कडा सुतासारख्या सरळ, वर घोटून काढलेला चुना. रोशनबीने एका ओट्यावर हात फिरवला. तिला हाताला ओटा लागावा म्हणून वाकावं लागलं.

"उंची कुणी ठरवली?" तिने विचारलं.

पुण्याहून कागद आला होता, वाहिद म्हणाला, सव्वा हात, कागदावर होतं तसंच. शेटनेही बसून पाहिलं होतं. मांडी घालून अगदी आरामात बसता येतं.

"आणि उभ्या बाईचं काय?"

"उभी कोण राहणार, अम्मा? ओटे बसायलाच आहेत."

रोशनबीने हात ओट्यावरून उचलला. विसाव्यापासून पन्नास पावलांवर वाढलेला हा मुलगा, रोज शेडला जाताना त्या शिळेखालून वाकून गेलेला, आणि पन्नास ओटे बांधून मोकळा झाला तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मोळी डोक्यावर असलेल्या बाईला मांडी घालता येत नाही.

दोन दिवसांनी तो जेवताना मान खाली घालून म्हणाला, की रस्ता रुंद करायचा तर विसावा मध्ये येतो. गुरुवारी तो काढायचा आहे. काम त्याच्याकडेच आहे.

रमजान नुकता लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, रोजा असताना, रोशनबी हौशीराम शेटच्या वखारीत गेली. शेटने तिला खुर्ची दिली. ती उभीच राहिली. त्याने गावाची सगळी हकिकत तिला सांगितली, जणू ती गावात राहतच नव्हती. आणि मग म्हणाला, की तिच्या पाणपोईचा विचार मंडळाने आधीच केला आहे. मंडईच्या दाराशी पक्की पाणपोई बांधायची, नळाची, आणि वर संगमरवरात इनायतचं नाव कोरायचं.

रोशनबीच्या मनात ते नाव क्षणभर पांढऱ्या दगडावर उमटलं. तेरा वर्षांत इनायतचं नाव कुणी असं सन्मानाने घेतलं नव्हतं. तिला मोह झाला, आणि मोह झाला हे तिने स्वतःशी कबूल केलं.

"शेट," ती म्हणाली, "नाव नको. मंडईत एक डोक्याएवढा विसावा बांधा, मग रस्त्यातला काढा."

"अहो मावशी, पन्नास ओटे आहेत की."

"गुडघ्याएवढे आहेत."

"मग काय डोक्याएवढे बांधू?" शेट हसला. वखारीतले हमालही हसायला लागले होते, पण अर्ध्यात थांबले. रोज ओझं उचलणाऱ्यांना ते फार हसण्यासारखं वाटलं नसावं.

"एकच बांधा," रोशनबी म्हणाली.

शेटने घड्याळ पाहिलं. मुंबईची माणसं मोटारीतून उतरली आणि समोर शिळेवर लाकडं रचलेली दिसली तर ती काय म्हणतील, असं काहीसं तो बोलला. रोशनबीने सलाम केला आणि परत आली.

गुरुवारी तिने पहाटे रांजण भरला, आणि पहार घेऊन माणसं आली तेव्हा त्याला कपची उडून लागू नये म्हणून चार हात बाजूला सरकवला. ओरडली नाही, आडवी पडली नाही. वाहिद तिच्याकडे पाठ करून घण घालत राहिला. आडव्या शिळेचे लांबीत दोन तुकडे झाले, उभे दगड फुटून पडले, आणि सगळी रास खडीसाठी रस्त्याच्या कडेला गेली. संध्याकाळी रोजा सोडताना आईने त्याच्या हातावर रोजच्यासारखा खजूर ठेवला. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या बाजाराला पायवाटेच्या तोंडाशी काठी घेतलेला रखवालदार उभा होता. मोळ्या मंडईत गेल्या. बायकांनी त्या ओट्यांपाशी जमिनीवर टाकल्या, कारण दुसरं काही करण्याजोगं नव्हतंच. रखमाजी आला, भाव सांगितला, बायकांनी नाही म्हटलं, आणि रखमाजी छत्री टेकवत निघून गेला. तो वळला नाही. ऊन छपरावर आलं तरी तो आला नाही. दुपारनंतर आला आणि सकाळच्या निम्म्याने भाव सांगितला. बाया नावाची एक तरणी बाई होती, घरी तान्हं ठेवून आलेली, दूध दाटून आल्यामुळे तिची चोळी ओली झाली होती. तिने आपल्या मोळीकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. जिने हात लावायचा तिचीही मोळी खालीच होती. तिने बायाला हात लावला तर तिला कुणी लावायचा, आणि शेवटच्या बाईला कुणी? घर दोन कोसांवर. तिने निम्म्या भावाला होकार दिला. मग एकामागून एक सगळ्यांनीच दिला.

रोशनबी दाराशी उभी राहून हे बघत होती. त्या दिवशी घरी जाऊन तिने पदर बांधला आणि तांदळाचं पोतं कमरेपासून डोक्यापर्यंत उचलून पाहिलं. पंचावन्न वर्षांची होती ती. चारदा उचललं, पाचव्यांदा पोतं छातीपाशीच राहिलं. मग ती नमाजला बसली.

त्याच्या पुढच्या बाजाराला रांजण भरून, पाणी वाटून ती मंडईत आली आणि बायाच्या मोळीशेजारी उभी राहिली. रखमाजीने भाव सांगितला. बायाने रोशनबीकडे बघितलं.

"नाही म्हण," रोशनबी म्हणाली.

"आन् मग मोळी?"

"मी हात लावते."

बाया नाही म्हणाली. रखमाजी छत्री टेकवत दारापर्यंत गेला, आणि मागे काय होतंय ते त्याने वळून पाहिलं. ती लहानखुरी, हळू बोलणारी म्हातारी बिस्मिल्ला म्हणून मोळीच्या एका टोकाला भिडली होती, बाया दुसऱ्या टोकाला. मोळी वर गेली, चुंबळीवर बसली, आणि बाया त्याच्या अंगावरून, तो बाजूला सरकेल की नाही याची वाट न पाहता, बंगल्यांच्या रस्त्याला लागली. मग रोशनबी दुसरीपाशी गेली. त्या दिवशी तिने अकरा मोळ्या उचलल्या. बाराव्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा पुतळाबाईने तिला ओट्यावर बसवलं. ओट्यांचा तेवढा एक उपयोग झाला.

"तू रोजा धरतीस, पानी पीत न्हाईस, आन् बैलासारखी वझी उचलतीस," पुतळाबाई म्हणाली. "तुजा अल्ला काय म्हनंल?"

"तो बघतोय," रोशनबी म्हणाली. "काही म्हणाला नाही अजून."

आठवड्याने मंडईच्या खांबावर कागद लागला. वाहिदने आईला वाचून दाखवला. शिस्तीसाठी, विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीही मंडईत ठेवलेल्या मालाला हात लावू नये, लावल्यास बाहेर काढण्यात येईल. वाचताना त्याचा आवाज खाली खाली जात गेला. शेटने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की रविवारी मंडईचं उद्घाटन आहे, मुंबईहून मोठे पाहुणे येणार, तेवढा दिवस आईला घरी ठेव; नाहीतर रस्त्याचं काम पुण्याचा माणूस करेल. वाहिदने आईला तेही सांगितलं. लपवलं नाही.

"तुझं काम जाईल याचं मला वाईट वाटतंय," रोशनबी म्हणाली. "खरंच वाटतंय. पण मी घरी बसणार नाही."

"अम्मा, या गावात पुन्हा काम नाही मिळायचं मला."

"माहीत आहे."

"तुझं त्या बायकांशी नातं काय?"

मुलाला हा प्रश्न पडावा याचं रोशनबीला नवल वाटलं. ती म्हणाली, "तेरा वर्षं त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलंय. तुझा बाप जन्नतीत पोचला असेल तर त्यांच्या घशातून पोचलाय."

शनिवारी रांजणापाशी तिने बायकांना कागदात काय लिहिलं आहे ते सांगितलं. कुणी शेटच्या नावाने बोटं मोडली, कुणी म्हणालं की बाजारच बंद करू. पण बाजार बंद म्हणजे चूल बंद, हे सगळ्यांनाच कळत होतं. पुतळाबाई भोपळ्यातलं पाणी पीत होती. तिने तोंड पुसलं.

"खाली ठिवल्याला हात लावायचा न्हाई म्हनत्यात न्हवं?" ती म्हणाली. "मंग खाली ठिवायचीच न्हाई."

रविवारी मंडईला आंब्याचे डहाळे आणि पताका लागल्या. बँड आला. खुर्च्या मांडल्या. हौशीराम शेटने जरीचा रुमाल बांधला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. गावासाठी आपण काही केलं असं त्याला मनापासून वाटत होतं. बायका आल्या. बत्तीसजणी होत्या. त्या ओळीने आत शिरल्या, प्रत्येकीने एकेक ओटा धरला, आणि ओट्यासमोर डोक्यावर मोळी घेऊन उभ्या राहिल्या.

रखमाजी म्हणाला, ठेवा खाली. कुणी ठेवली नाही. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. बँडचा आवाज मोठा होताच. तो पुन्हा म्हणाला.

पाहुणे यायला उशीर झाला. ऊन पत्र्यावर आलं. बत्तीस माना ताठ, बत्तीस जोड्या पाय. बायका अधूनमधून भार या पायावरून त्या पायावर घेत, तेवढीच हालचाल. रोशनबी तांब्या घेऊन एकीकडून दुसरीकडे जात होती, तोंडाला पाणी लावत होती. माल नव्हता तो, तोंड होतं; त्याला हात लावायची बंदी कागदात नव्हती. पुतळाबाईचा भोपळा रिकामा झाला होता. रोशनबी तिच्यासमोर थांबली. पुतळाबाईने ओठ मिटून घेतले, मान हलवता येत नव्हती म्हणून डोळ्यांनीच नाही म्हटलं. रोशनबीने आग्रह केला नाही. तिचाही घसा पहाटेपासून कोरडा होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघींनाही हसू आलं.

मुंबईचे पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, खंडाळ्याला बंगला असलेले. काठी टेकत आले, हार घातला, फीत कापली, आणि आत बघून थबकले. बायका मोळ्या डोक्यावर घेऊन का उभ्या आहेत, त्यांनी विचारलं. हौशीराम शेट म्हणाला, डोंगरातली माणसं, त्यांना शिस्त लागायला वेळ लागेल. पाहुणे त्याच्याकडे न बघता समोरच्या बाईपाशी गेले. ती बाया होती.

"बाई, मोळी खाली का ठेवत नाही?"

बायाच्या मानेची शीर ताठली होती. तिने पाहुण्यांकडे बघितलं नाही, बघता येत नव्हतं. ती समोर हौशीराम शेटच्या जरीच्या रुमालाकडे बघत बोलली.

"डोईवर हाय तवर माजी. खाली ठिवली की यांची."

पाहुण्यांनी शेटकडे पाहिलं. शेटचा चेहरा लाल झाला. त्याने वाहिदला हाक मारली आणि सांगितलं, या बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्या उतरवून ओट्यांवर ठेव, आत्ताच्या आत्ता.

वाहिद पुढे आला. बायासमोर उभा राहिला, दोन्ही हात वर केले. रोशनबी तांब्या घेऊन पलीकडे उभी होती. मुलाकडे बघतसुद्धा नव्हती, पुतळाबाईच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होती. वाहिदचे हात मोळीपाशी पोचले आणि तसेच थांबले. मणाची मोळी. त्याला ती पेलली असती. पण उतरवलेली ही मोळी परत कोण चढवणार, हे त्याला पहिल्यांदा, हातांतून, कळलं. आपण बांधलेला ओटा त्याच्या गुडघ्याला लागत होता.

त्याने हात खाली घेतले. कमरेची ओळंब्याची दोरी सोडली. एक टोक बायाच्या अंगठ्यापाशी जमिनीला धरलं, दुसरं वर नेऊन चुंबळीच्या खालच्या कडेला लावलं.

"जरा सरळ उभी राहा, ताई," तो म्हणाला.

"लवकर कर रं भाऊ," बाया म्हणाली, "मान मोडायला लागलीया. कापडं शिवतूयास का काय?"

बत्तीस मोळ्या हसण्याने हलल्या. वाहिदने दोरी हाताने मोजली. तीन हात आणि वर चार बोटं. तिथे त्याने गाठ मारली.

"वाहिद," शेट म्हणाला, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाही येत, शेट. आजचं काम मात्र करून जातो."

तो मंडईतून बाहेर पडला आणि रस्त्याच्या कडेच्या खडीच्या राशीकडे गेला. त्याच्यामागे बायका निघाल्या, मोळ्या डोक्यावर तशाच, फितीच्या दोन टोकांमधून, बँडवाल्यांच्या मधून. रखवालदाराने काठी आडवी धरली होती. पुतळाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की बाबा, एक तर काठी मागे घे नाहीतर मोळी घे. त्याने काठी मागे घेतली. बायका बंगल्यांच्या वाटेला लागल्या. पाहुण्यांच्या बंगल्यावर त्या दिवशी कुणाची मोळी गेली की नाही, ते काही कळलं नाही.

वाहिद दुपारभर राबत होता. उभे दगड फुटले होते, म्हणून त्याने जुन्या जागी तुकड्यांचेच दोन खांब रचायला घेतले, मंडईच्या कामातून उरलेल्या स्वतःच्या चुन्यात. आधी कुणी जवळ येईना. रस्त्यावरून जाणारे थांबत, बघत, पुढे जात. मग वखारीतला एक हमाल आला आणि न बोलता दगड आणून देऊ लागला. नंतर शेडमधून सुटलेले दोघे आले. ते पूर्वी शिळेखालून वाकून जाणाऱ्यांतलेच होते. खांब दोरीवरच्या गाठीपर्यंत आले तसे चौघांनी मिळून शिळेचे दोन तुकडे वर चढवले आणि शेजारी शेजारी बसवले. मधल्या भेगेत वाहिदने चुना भरला. भेग दिसत होतीच.

दिवस मावळताना बाया बंगल्यांकडून मोकळ्या डोक्याने परत आली, खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि डोकं टेकवून पाहिलं.

"बरूबर हाय," ती म्हणाली. "उद्या मोळी आणू का?"

"चुना ओला आहे," वाहिद म्हणाला. "तीन दिवस थांब."

"तीन दिस! तवर रोशनमावशी हाय न्हवं उचलायला." ती हसत झपझप वाट चढू लागली, तान्हं घरी होतं.

मशिदीतून अजान आली. रोशनबी रांजणापाशी बसली होती. तेरा वर्षं तिने त्यातलं पाणी दुसऱ्यांना दिलं होतं, स्वतः कधी घेतलं नव्हतं. आज घरी जायची ताकद नव्हती. तिने दुआ म्हटली आणि त्याच पाण्याने रोजा सोडला. वाहिदनेही तिच्याच तांब्याने सोडला. त्याच्या हाताला चुन्याने भेगा पडल्या होत्या. आता भुसावळला मामेभावाला पत्र टाकावं लागेल, तो म्हणाला. ती म्हणाली, टाक, पण आधी चुना धरू दे, तीन दिवस त्यावर पाणी मारावं लागेल ना. ते तुलाच माहीत.

एवढ्यात छत्री टेकवत रखमाजी आला. त्याने विसाव्याकडे बराच वेळ बघितलं, एक बोट ओल्या चुन्यात बुडवून पाहिलं. मग शेटचा निरोप सांगितला, की हे मंडळाच्या परवानगीशिवाय झालं आहे आणि मंगळवारी माणसं लावून पाडलं जाईल.

"बरं," रोशनबी म्हणाली. "शेटना सलाम सांगा. थकला असाल, पाणी घ्या."

रखमाजी गोंधळला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि पाणी प्यायला. तांब्या परत देऊन तो निघून गेला.

वाहिद आईकडे बघत होता. "मंगळवारी पाडतील, अम्मा."

रोशनबीने त्याच्या हातातली दोरी घेतली, गाठीपाशी अंगठा दाबून पाहिली घट्ट आहे का, आणि ती गुंडाळून पदराच्या टोकाला बांधली.

"पाडू देत," ती म्हणाली. "दगड इथेच पडतील. माप माझ्याजवळ आहे."

मग तिने घागर उचलली. सकाळसाठी पाणी आणायचं होतं.